धोबीतलावचे इराणी

मुंबईतील ख्रिस्ती वस्त्यांचा इतिहास सांगताना चर्च, शाळा, कॉन्व्हेंट यांची नोंद आवर्जून होते. चहाच्या दुकानाची होत नाही. धोबीतलावचा इतिहास मात्र त्या दुकानांवाचून पुरा होणार नाही, असे आम्हांस वाटते.

मेट्रो सिनेमासमोर जेर महाल नावाची जुनी इमारत आहे. तिच्या तळमजल्यावर १९०४ साली स्थापन झालेले 'कयानी'चे उपाहारगृह, आणि वरच्या मजल्यांवर गोव्याच्या गावागावांचे कूड. कूड म्हणजे गावकऱ्यांनी वर्गणीतून चालविलेली बिऱ्हाडाची जागा. बोटीवरची नोकरी शोधणारा खलाशी, आचारी, बँडवाला तेथे आपली ट्रंक ठेवी, जमिनीवर पथारी पसरी आणि रात्री वेदीपुढे सर्वांबरोबर रोझरी म्हणे. पण दिवसभर बसायचे कोठे? खाली, इराण्याकडे.

हे इराणी म्हणजे आपले पारशी नव्हेत. पारशी कित्येक शतके आधी आले. हे आले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर, बहुतेक यझ्द व केरमान भागांतून. इराणात झरथुष्ट्रपंथीयांवर जिझिया कर होता. मुंबईच्या पारशांनी १८५४ साली माणेकजी लिमजी हातारिया यांना तिकडे पाठविले, त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली, तेव्हा १८८२ साली तो कर उठला. मधल्या १८७०–७२ च्या दुष्काळाने माणसे देशोधडीस लागली होतीच. (काही इराणी दुकानदार शिया मुसलमानही होते, हे अनेकांच्या ध्यानात नसते.) निर्वासितांनी या शहरात येऊन निर्वासितासारख्यांचीच सोय केली, हे आम्हांस विशेष वाटते.

कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून हिंदू व्यापारी ती घेत नसत, ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असे सांगतात. आख्यायिका असो वा नसो, कोपऱ्यामुळे दुकानाला दोन रस्त्यांचा उजेड आणि दोन रस्त्यांचे गिऱ्हाईक मिळाले. आत संगमरवरी टेबले, वाकविलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, गल्ल्यापाशी बिस्किटांच्या बरण्या. साबण, ब्लेड, काडेपेटीही तेथेच. कडक ब्रून, त्यावर मस्का, आणि तो बुडवायला दाट गोड चहा. सणासुदीला मावा केक. 'पाव' हा शब्दच पोर्तुगिजांकडून आलेला. गोव्याच्या पदेराने मुंबईला पावाची चव लावली आणि इराण्याच्या भट्टीने ती घरोघर पोचविली. एका चहावर तासभर वर्तमानपत्र वाचले तरी कोणी उठवीत नसे. 'हे करू नये, ते करू नये' अशा पाट्या मात्र भरपूर असत. समोरच्या 'बास्तानी'तील पाट्यांवर तर कवी निस्सिम इझिकेल यांनी इंग्रजीत कविताच रचली.

आता थोडे अप्रिय. त्या काळी शहरातील खाणावळी जातवार होत्या, पंक्तिभेद उघड होता. इराण्याने मात्र टेबलापाशी कोणाची जात विचारली नाही. आणि वर, वेदीपुढे रोझरी म्हणणाऱ्या आमच्या कुडांत? कूड गावापुरता असे, आणि काही गावांचे कूड जातीनुसार वेगळे होते. बाप्तिस्मा एक, वेदी एक, पथारी मात्र वेगळी. जिना उतरून आलेले तेच दोघे गावकरी इराण्याच्या टेबलावर एकमेकांसमोर बशीने चहा पीत. आमच्या धर्मशिक्षणाने जे वर साधले नाही ते खाली दोन आण्यांत होत होते. कुडांनी हजारोंना आसरा दिला, हे ऋण मोठेच; पण म्हणून ही गोष्ट झाकून ठेवू नये.

पुढे उडप्यांची हॉटेले आली. त्यांची इडली स्वस्त आणि लवकर मिळणारी. इराण्यांची मुले शिकून परदेशी गेली. कोपऱ्याच्या जागेला सोन्याचे मोल आले, भागीदारांत वाटण्या झाल्या. कोणी बिअर बार केला, कोणी जागा विकली. 'बास्तानी' २००४ साली बंद झाले. बोटीवरची भरती कमी झाली तसे कूडही ओस पडत गेले, आणि एक चहा घेऊन तास काढणारे गिऱ्हाईक त्यांच्याबरोबर गेले. १९१३ चे 'ससानियन' आणि 'कयानी' यांनी शंभरी ओलांडली. 'कयानी'त सकाळी झेवियर्सची मुले गर्दी करतात. लाल चौकटीच्या टेबलपोसावर ब्रून येतो, आणि जागेसाठी वाट पाहणाऱ्यास कोणाही अनोळखी माणसासमोर बसावे लागते.