उशिराचे भाग्य : मुंबईच्या ‘त्रिंकोमाली’ची कथा

१८१७ या सालाचा अभ्यास करताना आपली नजर पुण्यावरून हलत नाही. पण खडकीच्या लढाईआधी २४ दिवस, १२ ऑक्टोबरला, मुंबईच्या गोदीतून ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज पाण्यात उतरले. आज ते ईशान्य इंग्लंडमधल्या हार्टलपूल गावी संग्रहालय म्हणून उभे आहे. ‘सर्वांत जुनी तरंगती ब्रिटिश युद्धनौका’ ही त्याची ओळख. (नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ त्याहून जुने, पण ते कोरड्या गोदीत आहे.) त्यातल्या ‘ब्रिटिश’ शब्दापाशी मी दरवेळी अडखळतो. साग मलबारचा, कारागिरी मुंबईची आणि मुख्य बांधणीकार जमशेदजी बोमनजी वाडिया.

जहाज टिकले कसे, याचे उत्तर बहुतेक जण ‘साग’ असे देतात. ओकमधले आम्ल लोखंडी खिळे खाते, सागातले तेल ते सांभाळते, हे खरेच. पण सागाची इतर जहाजे गेलीच की! माझ्या मते ‘त्रिंकोमाली’ वाचले ते प्रत्येक ठिकाणी उशिरा पोहोचल्यामुळे.

पहिला उशीर नकाशांचा. ते मुंबईला घेऊन निघालेले ‘जावा’ हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने जिंकले, नकाशे गेले. ‘जावा’वर सर थॉमस हिस्लॉपही होते. महिदपूरला होळकरांच्या फौजेशी लढले आणि पुढे थाळनेरच्या किल्लेदाराला ज्यांनी फाशी दिली, तेच हे हिस्लॉप. मराठी इतिहासात ते खलनायक म्हणून येतात. इथे ते कैदी म्हणून भेटतात. गंमत अशी की उशीर घडवणारे ‘कॉन्स्टिट्यूशन’ही आज बोस्टनला जपलेले आहे.

नकाशांची दुसरी प्रत आली आणि १८१६ मध्ये पठाण, म्हणजे जहाजाच्या तळाची मुख्य तुळई, बसवली गेली. पारशी रिवाजाप्रमाणे तीत चांदीचा खिळा ठोकला. पण तोवर नेपोलियन हरला होता. ३८ तोफांच्या श्रेणीतले हे जहाज १८१९ साली पोर्टस्मथला पोहोचले, तेव्हा त्याला कामच उरले नव्हते. पाव शतक ते राखीव म्हणून नुसते उभे राहिले. १८४५ नंतर तोफा २६ वर आणून ते पुन्हा सज्ज केले. १८४७ ते १८५७ या दशकात ते आधी उत्तर अमेरिका व वेस्ट इंडीजकडे आणि मग पॅसिफिकमध्ये हिंडले. क्रिमियाचे युद्ध याच काळातले, पण एकही मोठी लढाई त्याच्या वाट्याला आली नाही. पुढे ते प्रशिक्षणनौका झाले.

१८९७ मध्ये ते भंगारवाल्याकडे गेले. त्याच वर्षी नेल्सनचे जुने ‘फुद्रॉयां’ ब्लॅकपूलजवळ वादळात फुटले. त्याचे मालक जॉर्ज व्हीटली कॉब यांना दुसरे जहाज हवे होते. त्यांनी ‘त्रिंकोमाली’ विकत घेतले आणि त्याला ‘फुद्रॉयां’ हेच नाव दिले. उसन्या नावाने ते १९८६ पर्यंत तरुणांना दर्यावर्दी विद्या शिकवत राहिले. मूळ नाव परत मिळाले १९९२ मध्ये.

डागडुजी १९९० ते २००१ चालली, तीही जहाजबांधणी बंद पडलेल्या हार्टलपूलमध्ये. काम संपले तेव्हा निम्म्याहून अधिक लाकूड मूळचेच राहिले होते. जमशेदजींच्या गोदीत तासलेले हे साग आजही तिथल्या खाऱ्या पाण्यात आहे.