बहिष्काराची जखम: आधी बाबासाहेबांनी ओळखली, मग मेंदूविज्ञानाने

“मनाक लावून घेव नको.” कुडाळ तालुक्यातल्या आपल्या वाड्यांवर हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. गावऱ्हाटीत मान कुणाचा आणि कामे कुणाची, हे जन्मावरून ठरलेले. जत्रेतून दुखावून घरी आलेल्या पोराला वडीलधारी माणसे हेच सांगणार. त्यांची माया आम्हाला कळते. पण अपमानाने खरी इजा होत नाही, हा त्यामागचा समज आम्हाला मान्य नाही.

इतिहास पाहा. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. आपला कुडाळ तेव्हा सावंतवाडी संस्थानात होता. पण १९३० च्या अहवालातले चित्र आपल्याला परके नाही. हक्क मागितला की मजुरी बंद, दुकान बंद, वाट बंद. चांगले कपडे घातले, दागिने घातले, एवढ्यावरूनही बहिष्कार.

त्याच वर्षी पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी मागणी केली: बहिष्कार टाकणे, त्याला चिथावणी देणे आणि त्याची धमकी देणे हे तिन्ही गुन्हे ठरवा. नमुना म्हणून त्यांनी ब्रह्मदेशातला १९२२ चा बहिष्कारविरोधी कायदा पुढे ठेवला. एकही फटका न मारता माणूस मोडता येतो, हे त्यांनी ओळखले होते.

विज्ञान तिथे पोहोचले ७३ वर्षांनी. २००३ साली अमेरिकेत नओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. माणसाला मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून पडद्यावर चेंडूफेकीचा खेळ दिला. थोड्या वेळाने इतर दोन खेळाडूंनी त्याच्याकडे चेंडू टाकणे बंद केले. शारीरिक वेदनेच्या वेळी सक्रिय होणारा अँटिरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स हा भाग तेव्हाही सक्रिय झाला. दोन्ही वेदना तंतोतंत एक नाहीत, असे पुढच्या संशोधनातून दिसले. पण नाकारले जाणे मेंदू हलक्यात घेत नाही, एवढे पक्के. आणि ही अवस्था होती काही मिनिटांच्या खेळातली. पिढ्यानपिढ्या ज्यांच्याकडे चेंडू आलाच नाही, त्यांचे काय?

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या शाळकरी मुलांना कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित मुले सवर्ण मुलांच्या बरोबरीने होती. सर्वांसमोर जात पुकारताच त्यांची कामगिरी घसरली. मुले तीच, बुद्धी तीच. ‘गुणवत्ता’ सांगणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

कायदा मात्र रखडत आला. मुंबई राज्याचा १९४९ चा बहिष्कारबंदी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला. महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा एकाच समुदायातल्या, जातपंचायतीच्या बहिष्कारासाठी आहे. इतरांनी आपल्यावर टाकलेला सामाजिक वा आर्थिक बहिष्कार २०१५ च्या दुरुस्तीपासून ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. हा फरक प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवा.

आता स्वीकाराची बाजू. २००८ साली जपानमधल्या संशोधकांना दिसले की इतरांनी चांगले म्हटले की मेंदूतला जो भाग जागा होतो, तोच पैसे मिळाल्यावरही जागा होतो. म्हणजे स्वीकार ही माणसाची गरज आहे. प्रश्न एवढाच, तो मागायचा कुणाकडे? १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी उत्तर दिले. दारात ताटकळणे संपले, आपले घर उभे राहिले. विहारातली बैठक आणि अनोळखी माणसाने केलेला ‘जय भीम’ ही त्या घराची दारे आहेत.

म्हणून पुढच्या वेळी पोर दुखावून घरी आले, तर “मनाक लावून घेव नको” म्हणू नका. जवळ बसवा, ऐकून घ्या. मग तारीख, जागा, साक्षीदार लिहून काढा.

जय भीम!