मुंबईचा मॉडेलवर्ग

१८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत विद्यार्थ्यांचा हात दीर्घकाळ ‘अँटिक’वर, म्हणजे ग्रीक-रोमन शिल्पांच्या प्लास्टर प्रतिकृतींवरून केलेल्या रेखाटनावर घडवला जाई. या पद्धतीने प्रमाणबद्धता आणि छायाप्रकाश यांची शिस्त लागत असली, तरी पांढऱ्या प्लास्टरला कातडीचा रंग नसतो आणि ते श्वासही घेत नाही. १९१९ मध्ये सूत्रे हाती घेतलेल्या ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी नग्न मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग सुरू केला, तेव्हा ही उणीव भरून निघण्याची वाट मोकळी झाली. सोवळ्या वातावरणातील हे धाडस आजही आदरास पात्र ठरते. व्यक्तिचित्रणाच्या बैठकीत, म्हणजे मॉडेल एकाच स्थितीत बसून राहते त्या अवधीत, विद्यार्थी आधी डोक्याचा कल आणि छायेचे मोठे आकार पकडतो आणि डोळे-ओठांचे तपशील मागाहून भरतो. मॉडेल थकते, मान किंचित कलते, खिडकीतला उजेड सरकतो. या अस्थिरतेतून काय टिपायचे आणि काय सोडायचे, हा निर्णय प्लास्टरच्या मूर्तीने कधीच मागितलेला नव्हता. याच कलाशाळेशी निगडित असलेले, मूळचे गोव्याचे आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांनी पत्नीला समोर बसवून रंगवलेल्या चित्रांत हा निर्णय किती हळुवार होऊ शकतो, हे दिसते.