डग्डेल यांचा राजीनामा नक्की कशासाठी?

अधिकाऱ्यांच्या चुकीसाठी मंत्र्याने पद सोडलं, याचं उदाहरण म्हणून पुस्तकात क्रिचेल डाऊन हमखास भेटतं. तुम्हीही कुठेतरी वाचलं असेल.

डॉर्सेटमधली ही ७२५ एकर जमीन ब्रिटिश हवाई खात्याने १९३८ मध्ये बॉम्बफेकीच्या सरावासाठी घेतली. युद्धानंतर ती शेती खात्याकडे गेली. एका मूळ मालकाच्या कुटुंबाने परत मागितली, पण कसायला दुसऱ्यालाच द्यायचं ठरलं. चौकशी बसली, अधिकाऱ्यांवर ताशेरे आले आणि २० जुलै १९५४ ला शेतीमंत्री सर थॉमस डग्डेल यांनी संसदेत राजीनामा जाहीर केला.

इथे घाई करू नका. जमिनीचा मुख्य निर्णय डग्डेल यांनी स्वतः मंजूर केलेला होता. शिवाय त्यांच्याच हुजूर पक्षाचे खासदार भडकले होते. मग ही अधिकाऱ्यांच्या चुकीची शिक्षा, की पक्षाचा दबाव? गंमत म्हणजे त्याच चर्चेत गृहमंत्री मॅक्सवेल फाइफ म्हणाले, की जे मंत्र्याला माहीत नव्हतं आणि मान्यही नाही, त्याचं समर्थन करायला तो बांधील नाही. म्हणजे ज्या दिवसाचं उदाहरण देतात, त्याच दिवशी सरकारने नियमाला मर्यादा घातली!

कनिष्ठ मंत्री लॉर्ड कॅरिंग्टन यांनीही राजीनामा देऊ केला होता. चर्चिलनी तो घेतला नाही. (पुढे १९८२ मध्ये फॉकलंडवरून त्यांनी परराष्ट्रमंत्रिपद सोडलं.) तुमच्या तक्त्यात फक्त 'पद सोडलं' एवढाच रकाना असेल, तर १९५४ चे कॅरिंग्टन त्यात सापडणारच नाहीत. 'देऊ केला, पण स्वीकारला नाही' असा आणखी एक रकाना आजच आखून ठेवा.