होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम

होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम हा मध्य प्रदेशातील सरकारी शाळांमध्ये इ.स. १९७२ ते २००२ या काळात राबविण्यात आलेला प्रयोगाधारित विज्ञान अध्यापनाचा उपक्रम होता. इयत्ता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी पाठांतराऐवजी स्वतः प्रयोग करून, निरीक्षणे नोंदवून आणि चर्चेतून निष्कर्ष काढून विज्ञान शिकावे, हे त्याचे मुख्य सूत्र होते. सामान्य ग्रामीण शाळांमध्ये, नेहमीच्याच शिक्षकांकरवी आणि अल्प खर्चात हे घडवून आणले, यात या कार्यक्रमाचे महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

होशंगाबाद (सध्याचा नर्मदापुरम) जिल्ह्यातील किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन स्वयंसेवी संस्थांनी १९७२ मध्ये राज्य शासनाच्या परवानगीने १६ माध्यमिक शाळांत या कार्याचा आरंभ केला. (मध्य प्रदेशात सहावी ते आठवीच्या शाळेस ‘माध्यमिक शाळा’ म्हणतात, महाराष्ट्रात हाच स्तर उच्च प्राथमिक म्हणून ओळखला जातो.) मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ व दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक यांचे साहाय्य आरंभापासून लाभले. १९७८ मध्ये कार्यक्रमाचा विस्तार संपूर्ण जिल्ह्यात झाला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ या संस्थेने पुढे त्याची शैक्षणिक धुरा सांभाळली आणि तो राज्यातील अन्य जिल्ह्यांतही पोहोचला.

कार्यपुस्तिका

‘बाल वैज्ञानिक’ हे या कार्यक्रमाचे पुस्तक रूढ अर्थाने पाठ्यपुस्तक नव्हते. त्यात प्रयोगाची कृती, सूचना, रिकामे तक्ते आणि प्रश्न असत. उत्तरे मात्र नसत. विद्यार्थी चार-चारांच्या गटात बसून प्रयोग करीत आणि निरीक्षणे वहीत लिहीत. त्यानंतर सर्व गटांच्या नोंदी फळ्यावर एकत्र मांडून वर्गात चर्चा होई.

मूळ आणि पान यांवरील पाठ हे या पद्धतीचे बोलके उदाहरण होय. मुले परिसरात फिरून निरनिराळी रोपे मुळांसकट गोळा करीत. प्रत्येक रोपाच्या पानातील शिरा समांतर आहेत की जाळीदार, तसेच त्याचे मूळ सोटमूळ आहे की तंतुमय, याची नोंद तक्त्यात केली जाई. दोन्ही रकाने शेजारी शेजारी भरत गेले, की गवत, मका यांसारख्या वनस्पतींत समांतर शिरा आणि तंतुमय मुळे एकत्र आढळतात, तर हरभऱ्यासारख्या वनस्पतींत जाळीदार शिरा आणि सोटमूळ एकत्र आढळतात, हे मुलांच्या स्वतःच्याच लक्षात येई. एकदल व द्विदल या संज्ञांचा अर्थ अशा रीतीने अनुभवातून उलगडे.

मापनाच्या पाठात एकच लांबी अनेकांनी मोजली असता उत्तरे किंचित वेगळी का येतात, याचा विचार होई. मापनातील फरक म्हणजे विद्यार्थ्याची चूकच असे नाही, ही विज्ञानातील मूलभूत जाणीव त्यातून रुजे. शक्यता आणि संभाव्यता यांसारखा विषयही मुले प्रत्यक्ष कृतीतून हाताळीत.

प्रयोगसाहित्य

शाळेत स्वतंत्र प्रयोगशाळा असावी, अशी अट नव्हती. परीक्षानळ्या, भिंगे, चुंबक इत्यादी आवश्यक वस्तूंचा संच शाळेला पुरविला जाई आणि उरलेले साहित्य परिसरातून मिळविले जाई. फुलाचे भाग विलग करण्यासाठी सुईऐवजी बाभळीचा काटा वापरणे, हे या दृष्टिकोनाचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

शिक्षक

या पद्धतीत शिक्षकाची भूमिका सर्वज्ञ वक्त्याची नसून सहशोधकाची होती. उन्हाळी सुटीतील प्रशिक्षण शिबिरांत शिक्षक पुस्तकातील प्रयोग स्वतः करून पाहत. वर्षभर होणाऱ्या मासिक बैठकांत वर्गातील अडचणींची चर्चा होई. शिक्षकांच्या सूचनांनुसार पाठांत बदलही केले जात. मुलांच्या मनात उठणाऱ्या प्रश्नांसाठी ‘सवालीराम’ हे काल्पनिक पात्र निर्माण करण्यात आले होते. त्याच्या नावे मुले पत्रे पाठवीत आणि त्यांना उत्तरेही मिळत.

परीक्षा

परीक्षा पाठांतराची राहिली, तर वर्गातील प्रयोग आपोआप मागे पडतील, हे ओळखून मूल्यमापनाची पद्धतही बदलण्यात आली. लेखी परीक्षेत विद्यार्थ्यांना स्वतःचे पुस्तक व वही जवळ बाळगण्याची मुभा होती. जोडीला प्रात्यक्षिक परीक्षाही होत असे. आठवणीपेक्षा निरीक्षण, तर्क आणि प्रयोगकौशल्य यांस गुण मिळत.

समाप्ती

अखेरच्या काळात सुमारे १,००० शाळांमध्ये हा कार्यक्रम चालू होता. राज्यातील इतर विद्यार्थ्यांपेक्षा वेगळे पुस्तक शिकल्यामुळे होशंगाबादची मुले पुढील परीक्षांत मागे पडतात, असा आक्षेप घेण्यात आला. समर्थकांनी तो अमान्य केला आणि अनेक शास्त्रज्ञ व शिक्षणतज्ज्ञ कार्यक्रमाच्या बाजूने उभे राहिले. तथापि २००२ मध्ये राज्य शासनाने कार्यक्रम बंद करून सर्वत्र एकच पाठ्यपुस्तक लागू केले. माहितीचा साठा आणि शोधण्याची क्षमता यांपैकी शाळेने कशाला प्राधान्य द्यावे, हा या वादाचा गाभा होता.

वारसा

पुण्यातील टेल्को कंपनीत अभियंता असलेल्या अरविंद गुप्ता यांनी १९७८ मध्ये रजा घेऊन या कार्यक्रमात काम केले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काड्यापेटीतील काड्या यांपासून भौमितिक आकृत्या तयार करण्याची त्यांची पद्धत तेथेच आकारास आली. अशा त्रिकोणाचा आकार दाबूनही बदलत नाही, चौकोन मात्र तिरका होतो, हे मुलांना हाताने अनुभवता येते. पुढे त्यांनी पुण्याच्या आयुका संस्थेतील बालविज्ञान केंद्रात दीर्घकाळ कार्य केले. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री सन्मान मिळाला. एकलव्यच्या ‘संदर्भ’ या हिंदी नियतकालिकाच्या प्रेरणेने पुण्याहून ‘शैक्षणिक संदर्भ’ हे मराठी द्वैमासिक सुरू झाले. त्याद्वारे या विचारांचा परिचय मराठी शिक्षकांना झाला.