बोरीचा पाला, खतमी आणि शाम्पू

अम्मीच्या गुसलच्या दिवशी अंगणातल्या चुलीवर बोरीचा पाला उकळत होता. मोहल्ल्यात ज्या खाला मय्यतीला गुसल देतात, त्यांनी ते पाणी गाळून तांब्याने अम्मीच्या डोक्यावर ओतलं आणि बोटांनी केस मोकळे केले. कंगवा लावला नाही. हनफी मसलकात मय्यतीच्या केसांना कंगवा लावत नाहीत; दोन भाग करून छातीवर ठेवतात. अम्मीचे केस बारीक, कुरळे, जरा दमट हवा आली की पिंजारणारे. आयुष्यभर तिनं ते खोबरेल तेलानं चापून बसवले. त्या दिवशी ते हलके आणि मऊ, आपापल्या वळणात पडलेले मी पहिल्यांदा पाहिले. तसं पाहणं त्या वेळी बरं नव्हतं, पण नजर हटेना.

तेच केस माझे आहेत आणि माझ्या मुलीचेही. काही महिन्यांनी मी मुलीचं डोकं बोरीच्या पाल्यानं धुवायला घेतलं, तेव्हा फुफी दारातच थबकल्या. "जिवंत पोरीच्या डोक्यावर मय्यतीचं पाणी टाकतेस?" रागापेक्षा भीतीच जास्त होती त्यांच्या आवाजात. त्यांना जे उत्तर दिलं ते नीट मांडावं म्हणून हे लिहिते आहे.

मय्यतीला बोरीचा पाला वापरण्यामागची रिवायत बहुतेकांना ऐकून माहीत असते. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कन्या हजरत जैनब (र.) यांचं निधन हिजरी ८ मध्ये झालं. त्यांना गुसल देणाऱ्या हजरत उम्मे अतिया (र.) यांचं कथन बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. पाणी आणि सिद्र, शेवटच्या वेळी कापूर, अशी सूचना त्यांना मिळाली होती. सिद्र म्हणजे आपल्या बोरीचंच भावंड असलेलं अरबस्तानातलं झाड. आपल्याकडे बोर मिळते, म्हणून आपण बोर वापरतो.

पण सिद्र मेलेल्यांसाठी राखून ठेवलेली गोष्ट कधीच नव्हती. सहीह मुस्लिममध्येच आणखी एक रिवायत आहे. हैज संपल्यावर गुसल कसं करावं, असं हजरत अस्मा (र.) यांनी विचारलं, तेव्हा त्यांनाही पाणी आणि सिद्र घ्यायला सांगितलं गेलं, आणि डोकं असं चोळायला की पाणी केसांच्या मुळांपर्यंत पोहोचावं. म्हणजे मदिनेतल्या हयात बायका सिद्रनं डोकं धूत होत्या. मय्यतीला ते लावलं गेलं, कारण घरात धुण्यासाठी तेच होतं. पुढे घराघरांत साबण आला, जिवंतांनी पाला सोडला, आणि मय्यतीच्या बाबतीत सुन्नत म्हणून तो टिकला.

खतमीचं तसंच झालं. बाराव्या शतकात मरगीनानी यांनी लिहिलेला 'हिदाया' आजही आपल्या मदरशांत शिकवला जातो. त्यात जनाज्याच्या प्रकरणात मय्यतीचं डोकं आणि दाढी खितमीनं धुवावी असं आहे, आणि कारण साधं दिलंय, की त्यानं जास्त स्वच्छ होतं. खितमी म्हणजे आपल्या अत्ताराच्या दुकानात मिळणारी खतमी. हकीम लोक खोकल्याच्या काढ्यात घालतात तीच. पाण्यात भिजवली की बुळबुळीत होते. ती जास्वंदीच्या आणि भेंडीच्या कुळातली. जास्वंदीची पानं वाटून डोक्याला लावण्याची रीत आपल्याकडे सर्वच जातिधर्मांच्या घरांत आहे, तेव्हा हा बुळबुळीतपणा केसांना मानवतो हे दोन्ही ठिकाणच्या बायकांना आपापल्या अनुभवातून कळलेलं होतं.

बारीक केसांना हे का मानवतं, तेही सांगते. बारीक केसाला स्वतःचा ताठपणा कमी असतो. थोडं तेल जास्त झालं की तो शेजारच्या केसाला चिकटतो आणि टाळूवर नुसते ओघळ दिसतात. त्यात तो कुरळा असेल तर पावसाळ्यात हवेतला ओलावा शोषून फुगतो, आणि प्रत्येक केस वेगळ्या दिशेला वळतो. मग आपण तो बसवायला आणखी तेल घालतो. बोरीच्या पाल्यात, रिठ्यात, शिकेकाईत फेस देणारं सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं. ते मळ काढतं, पण मागे थर ठेवत नाही. साबणाचं तसं नाही. मराठवाड्यातलं बोअरचं पाणी म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं दुष्फेन पाणी. त्यात साबण घातला की पांढरट साका तयार होतो आणि तोच केसांवर बसतो. अम्मी अंगाच्या साबणानंच डोकं धुवायची. वर तेल. केस जड होणार नाहीत तर काय! खतमीचा बुळबुळीत अंश मात्र वाळल्यावर पातळ पापुद्र्यासारखा बसतो, तेलाशिवाय वळण धरून ठेवतो.

आता शाम्पूबद्दल, कारण फुफींचा पुढचा प्रश्न तोच होता: "शाम्पू मिळतो ना बाजारात?" शाम्पू हा शब्द आपल्याच घरातून गेलेला आहे. हिंदी-उर्दूतलं चांपणं, त्यावरून चंपी. मराठीतलं पाय चेपणंही त्याच्या जवळचंच. हा शब्द इंग्लंडमध्ये गाजवला तो पाटण्याच्या शेख दीन मुहम्मद यांनी. जन्म १७५९ चा, कंपनीच्या फौजेत नोकरी, मग आयर्लंड. १७९४ मध्ये कॉर्क इथं त्यांचं प्रवासाचं पुस्तक छापलं गेलं. भारतीय माणसानं इंग्रजीत लिहिलेलं ते पहिलं पुस्तक मानतात. १८१० मध्ये लंडनला त्यांनी हिंदुस्तानी खाणावळ काढली, ती दोन वर्षांत बुडाली. १८१४ मध्ये ते ब्रायटनला गेले आणि तिथं वाफेच्या स्नानगृहात 'शाम्पूइंग' सुरू केलं. वाफेनं भरलेल्या फ्लॅनेलच्या तंबूत रोगी बसायचा, तंबूला शिवलेल्या बाह्यांतून हात आत घालून त्याचं अंग चेपलं जायचं. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचे ते शाम्पूइंग सर्जन होते. केस धुण्याचा यात संबंधच नव्हता. १८५१ मध्ये ते वारले, आणि त्यानंतर त्या शब्दाला हळूहळू डोकं धुण्याचा अर्थ चिकटला. १९३० च्या दशकात साबणाऐवजी कृत्रिम द्रव्यांचे शाम्पू निघाले. त्यांचा दुष्फेन पाण्यात साका होत नाही, हा मोठाच फायदा. पण ते केसांतला तेलकटपणा पार ओढून घेतात. मग कंडिशनर आलं, त्यात सिलिकोन आलं, आणि बारीक केस पुन्हा ओझ्याखाली.

तेलावर माझा राग नाही. २००३ मध्ये मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेतून आलेला एक शोधनिबंध बराच गाजला. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची गळती कमी करतं, असं त्यात दाखवलं होतं. कंपनी खोबरेल तेलच विकते, हे लक्षात ठेवून तो वाचावा, तरी मुद्दा खोटा नाही. फक्त हा फायदा मिळवायला तेल दिवसभर डोक्यावर मिरवावं लागत नाही. धुण्याआधी तासभर, टोकांना चार थेंब, आणि मग धुऊन टाकायचं. वर्गात मात्र मी स्वतः कित्येक मुलींना "तेल लावून ये, काय हे झिंजाडं" असं सुनावलं आहे. त्यातल्या एकीचे केस हुबेहूब अम्मीसारखे होते. दुसऱ्या दिवशी ती कपाळावर तेलाचे ओघळ घेऊन आली आणि दिवसभर मागच्या बाकावर बसली.

घरी आता आम्ही असं करतो. मूठभर बोरीचा पाला उकळून, चोळून गाळून घ्यायचा. फेस थोडाच येतो, तेवढा पुरतो. रिठा फार कोरडा करतो, म्हणून तो क्वचित. मग ओल्या केसांना खतमीचं पाणी. खतमी नसेल तर चमचाभर जवस पेलाभर पाण्यात उकळून गरम असतानाच गाळायचं, गार झालं की गाळलं जात नाही. टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही, जुन्या सुती ओढणीनं टिपायचं. कंगवा केस ओले असतानाच, रुंद दातांचा. वाळल्यावर हात लावायचा नाही. रोजच्या रोज केस विंचरत बसू नये अशी हदीस अबू दाऊद आणि तिरमिजीत आहे. ती नटण्यामुरडण्याच्या हौसेबद्दल आहे असं उलेमा सांगतात, पण कुरळ्या केसांच्या माणसाला ती वेगळीच पटते. प्रेषितांचे केसही फार कुरळे नव्हते आणि अगदी सरळही नव्हते, असं हजरत अनस (र.) यांनी सांगून ठेवलं आहे.

हे सगळं फुफींनी शांतपणे ऐकून घेतलं. हजरत अस्मांची रिवायत दोनदा वाचायला लावली. पटलं का, ते बोलल्या नाहीत; ओसरीवर बसून त्यांनी पाल्यातले काटे मात्र वेचून दिले. मुलगी पाटावर डोळे मिटून बसली होती. पाणी कानांवरून वाहू लागलं तसं तिनं विचारलं, "अम्मी, ये वोइच है ना, नानी कू डाले सो पानी?"

मी हो म्हटलं आणि दुसरा तांब्या भरला.