मनोवैद्य आणि भुक्तभोगी

वेड्यांच्या पायांतील साखळदंड प्रथम कोणीं तोडले, असें विचारलें असतां युरोपचा इतिहास थोडाबहुत वाचलेला सुशिक्षित गृहस्थ फिलीप पिनेल ह्या फ्रेंच वैद्याचें नांव घेतो. चित्रकारांनींही ह्या समजुतीस हातभार लाविला आहे. रॉबेर-फ्लरी ह्यानें १८७६ सालीं काढिलेल्या प्रसिद्ध चित्रांत पिनेल उभा असून एका स्त्रीच्या बेड्या निघत आहेत. परंतु पॅरिसजवळील बिसेत्र येथील वेड्यांचे साखळदंड १७९७ सालीं निघाले, तेव्हां पिनेल तेथून बदलून जाऊन दोन वर्षें झालीं होतीं. ते काढविले झां-बाप्तिस्त प्यूसँ नांवाच्या अधीक्षकानें. आणि हा प्यूसँ वैद्य नव्हता.

प्यूसँ मूळचा कातडीं कमावणारा. गंडमाळेनें पीडित होऊन तो बिसेत्रमध्यें रोगी म्हणून आला, बरा झाला, तेथेंच चाकरीस राहिला आणि पुढें वेड्यांच्या विभागाचा मुख्य झाला. त्याचा रोग शरीराचा होता, मनाचा नव्हे; तथापि त्या भिंतींच्या आंत रोगी होऊन दिवस काढणें म्हणजे काय, हें त्यास ठाऊक होतें. हाताखालचे सेवक तो शक्य तोंवर बऱ्या झालेल्या किंवा बऱ्या होत आलेल्या वेड्यांतूनच निवडीत असे. असा मनुष्य रोग्यावर सहसा हात उचलीत नाहीं, हा त्याचा अनुभव होता. शिवाय कामांत गुंतल्यानें त्या सेवकाचें स्वतःचें मनही सांवरत असे.

पिनेल तेथें आला १७९३ सालीं. ग्रंथांत पारंगत असलेल्या ह्या वैद्याचें खरें मोठेपण आम्हांस असें वाटतें कीं, त्यानें अल्पशिक्षित अधीक्षकाचें म्हणणें ऐकून घेतलें, आणि १८०१ सालच्या आपल्या ग्रंथांत त्याचें ऋण नांवानिशीं नमूद केलें. १८०२ सालीं तर त्यानें प्यूसँला साल्पेत्रिएर येथें आपल्या मदतीस आणविलें. अनेक रोग्यांचीं लक्षणें ताडून पाहून त्यांचें वर्गीकरण करणें, हें काम पिनेलच करूं जाणे. रोग्याशीं रोज कसें वागावें, हें प्यूसँ जाणे. पिनेलनें हा भेद ओळखला होता. त्याच्या पश्चात् मुलानें व शिष्यांनीं जी आख्यायिका वाढविली तींत मात्र प्यूसँ मागें पडला.

शंभर वर्षांनीं हाच प्रश्न अमेरिकेंत निराळ्या रूपानें उभा राहिला. क्लिफर्ड बीअर्स हा येल विद्यापीठाचा पदवीधर. १९०० ते १९०३ ह्या काळांत त्यानें तीन वेड्यांच्या इस्पितळांत छळ सोसला, आणि १९०८ सालीं त्याची हकीकत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. ह्या ग्रंथाच्या आरंभीं विख्यात मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स ह्याचें पत्र छापलेलें आहे. ह्या जेम्सनेंही तरुणपणीं घोर विषण्णता भोगिली होती. परंतु १९०२ सालच्या धर्मानुभवावरील आपल्या ग्रंथांत ती त्यानें एका अनामिक फ्रेंच मनुष्याची म्हणून सांगितली. प्राध्यापकानें जें झांकलें तें बीअर्सनें स्वतःच्या नांवानें सांगितलें. जेम्सनें त्यास पाठबळ दिलें, हें त्या प्राध्यापकास भूषणावह आहे.

अॅडॉल्फ मायर ह्या मनोवैद्यानेंही बीअर्सला प्रथम साह्य केलें. चळवळीस ‘मानसिक आरोग्य’ हें नांव सुचविलें तें त्यानेंच. परंतु १९०९ सालीं राष्ट्रीय समिति स्थापन झाल्यावर थोड्याच काळांत दोघांचें बिनसलें. मायरला सावकाश व शास्त्रशुद्ध काम हवें होतें. बीअर्सला देशभर हांक द्यावयाची होती. शेवटीं मायर समिति सोडून गेला. दोष कोणा एकाचा होता असें आम्ही म्हणत नाहीं. निर्णय कोणाच्या शब्दानें व्हावयाचा, हें आधीं ठरलेलें नसलें म्हणजे सद्भावही पुरा पडत नाहीं, एवढाच ह्यांतून बोध घ्यावयाचा.

आज ह्या सहकार्यास रीतसर जागा मिळूं लागली आहे. जॉर्जिया राज्यांत १९९९ पासून, स्वतः मनोविकार भोगून सांवरलेल्या सहाय्यकांच्या कामाचा मोबदला सरकारी वैद्यकीय योजनेंतून मिळूं लागला. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्यानें, मनोविकार असलेल्या किंवा पूर्वीं भोगलेल्या व्यक्तींचे प्रतिनिधि केंद्रीय प्राधिकरणावर घेण्याची तरतूद केली. हें पाऊल योग्य दिशेनें पडलें आहे. परंतु सभेंत खुर्ची मिळणें निराळें आणि सभेनें शब्द ऐकणें निराळें. भुक्तभोग्यास पाहुण्यासारखें बोलावून, त्याची करुण कहाणी ऐकून, निर्णय मात्र त्याच्या पाठीमागें करावयाचा, हें सहकार्य नव्हे.

एकाचा अनुभव सर्वांस लागू पडत नाहीं, हा शास्त्रज्ञांचा आक्षेप खरा आहे. म्हणूनच दोघेही हवेत. ज्याचें जळतें त्याला कळतें. तें इतरांस कितपत लागू आहे, हें पडताळून पाहण्यास शास्त्र लागतें. आमच्या पांढरपेशा घरांतून अद्यापि हा आजार माळ्यावरच्या जुन्या ट्रंकेसारखा लपविला जातो. सोयरीक जुळविण्याच्या वेळीं तर त्याचा उच्चारही होत नाहीं. त्या घरांतील जो कोणी ह्यांतून पार पडला असेल, त्याच्याजवळ एक दुर्मिळ ज्ञान आहे. तें त्यास लाज न वाटतां सांगतां आलें, तर उद्यांच्या पिनेलला त्याचा प्यूसँ शोधीत फिरावें लागणार नाहीं.